पेन्सिलीचा आक्षेप

दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागवणाऱ्या पत्रात ‘आपल्या सेवेतील रोमहर्षक अनुभव’ असे शब्द लिहिले आहेत. माझी सेवा म्हणजे नागपूरच्या सदर भागातल्या एका सरकारी कचेरीतलं खिडकीपासून तिसरं टेबल. पंचवीस वर्षं मी तिथे बसून दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्याची बिलं तपासली आणि स्वतः कुठेही गेले नाही. त्यात अंगावर काटा यावा असं काही नाही. पण एक गोष्ट मी मनापासून आणि न थकता केली, ती म्हणजे लोकांचा हेवा. त्याबद्दल लिहिलेलं चालत असेल तर छापा.

ज्यांना सरकारी नोकरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सरकारी माणूस कामासाठी बाहेरगावी गेला की परत आल्यावर बिल देतो. किती वाजता निघाला, कशाने गेला, कुठे उतरला, कुठे मुक्काम केला, सगळं लिहून देतो. सोबत दौऱ्याची डायरी जोडतो. ते खरं आहे का आणि नियमात बसतं का, एवढंच मी पाहायचं. जवळचा मार्ग सोडून लांबून गेलात तर भाडं जवळच्या मार्गाचंच मिळणार. मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आत दिवसभर हिंडा, भत्ता नाही. माझ्या डाव्या हाताला रेल्वेचं वेळापत्रक असायचं आणि उजव्या हाताला अंतरांचा तक्ता. विदर्भातली कुठलीही दोन गावं सांगा, मधलं अंतर मी तोंडपाठ सांगत असे. घरी सक्करदऱ्याला जाताना मात्र रोज तोच रस्ता आणि तीच सायकल.

आमचे बडे बाबू, म्हणजे कचेरीचे अधीक्षक, जुने नागपूरकर होते. मी लागले त्याच आठवड्यात त्यांनी मला एक पेन्सिल आणि एक खोडरबर दिलं.

“शांताबाई, आक्षेप पयले पेन्सिलीनं लिवायचा,” ते म्हणाले. “बिलाच्या कडेले, बारीक अक्षरात. मंग ज्याचं बिल त्याले दाखवायचं. मानूस चुकते. त्यानं सुधारलं का आपन खोडून टाकायचं. नाहीच सुधारलं तर मंग शाई. शाई लागली का कागद वर जाते, न वर गेलेला कागद कोनाचाच नसते.”

हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. आमच्या कचेरीपुरती रीत होती. पण त्या रीतीमुळे माझ्या टेबलावर किती माणसांची अब्रू वाचली ते मलाच ठाऊक आहे. एका निरीक्षकाने चंद्रपूरकडच्या दौऱ्यात एक मुक्काम जास्त दाखवला होता आणि कारण लिहिलं होतं, ‘रस्त्यावर वाघ बसल्यामुळे.’ मी पेन्सिलीने विचारलं, ‘वाघ किती वाजता उठला?’ त्यांनी त्याखाली गंभीरपणे लिहिलं, ‘सकाळी साडेपाच. पावणेसहाला निघालो.’ मी खोडरबर फिरवलं आणि बिल मंजुरीला पाठवलं. जो माणूस वाघाची वेळ लिहून ठेवतो तो खोटं बोलत नसावा.

दुसऱ्या एका बाबूची बदली भंडाऱ्याहून अकोल्याला झाली. बदलीत घरचं सामान आणि अवलंबून असलेली माणसं नेण्याचा खर्च मिळतो. त्याने गाय नेली होती आणि तिचा खर्च सामानात दाखवला होता. मी पेन्सिलीने लिहिलं, ‘गाय सामान होत नाही.’ त्याने ती सामानातून काढली आणि कुटुंबात घातली. मी पुन्हा हरकत घेतली, तेव्हा त्याची बायकोच कचेरीत आली.

“बाई, ते घरातलीच हाये.”

“पन ते तुमच्यावर अवलंबून पाहिजे न वं. नियम तसा हाये,” मी म्हटलं.

“ते कायले आमच्यावर अवलंबून राहीन? आमीच तिच्यावर हावो.”

तिचं म्हणणं खरं होतं, पण त्यासाठी नियम नव्हता. बडे बाबूंसकट सगळी कचेरी हसली आणि गाईचा खर्च कापला गेला.

हे झालं वरवरचं. खरी गोष्ट अशी की त्या डायऱ्या वाचताना माझा जीव जळायचा. ‘बैलगाडीने नदी ओलांडली.’ ‘विश्रामगृहात आंब्याच्या झाडाखाली जेवण.’ ही माणसं मळक्या धोतरात आणि चुरगळलेल्या पँटीत माझ्यासमोर उभी राहून दमल्याची तक्रार करायची आणि मला वाटायचं, मेल्यांनो, दमा की. मला एकदा तरी त्या आंब्याखाली दमू द्या. माझ्या टेबलाला दौरा नव्हता. ज्याच्या पायाला भिंगरी त्याची बिलं, आणि ती तपासायला बसून राहिलेली मी.

पण दौऱ्याच्या हेव्यापेक्षा मोठा हेवा दुसराच होता. तो स्वग्रामाचा.

सरकारी नोकरीत लागल्यावर एक फॉर्म भरावा लागतो. त्यात आपलं मूळ गाव कोणतं ते लिहायचं. मग दर दोन वर्षांनी रजा घेऊन त्या गावी घरच्यांसह जायला सरकार भाडं देतं. एकदा लिहिलेलं गाव पूर्ण नोकरीत फक्त एकदाच बदलता येतं. हा फॉर्म मी घरी नेला आणि बाबांपुढे ठेवला.

बाबा गिरणीत कामाला होते. त्याआधी ते गावात होते. गाव म्हणजे काय ते आम्हाला त्यांनी फार सांगितलं नाही. एवढंच माहीत होतं, की कोणी साहेब दौऱ्यावर आला की त्याचा बिस्तरा, कंदील आणि सुरई डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचं काम आमच्या घराकडे होतं. त्याचा पैसा मिळत नसे आणि नाही म्हणायची सोय नव्हती. एक दिवस बाबा बिस्तरा पोचवून आले ते घरी न थांबता तसेच नागपूरला निघून आले आणि परत गेले नाहीत. छप्पन साली धम्मदीक्षेच्या वेळी मी पंधरा वर्षांची होते. त्या दिवशी मैदानावरून घरी येताना ते म्हणाले होते, आता आपलं गाव हेच.

फॉर्म वाचून झाल्यावर ते म्हणाले, “लिव्ह नागपूर. त्या गावाचं नाव सरकारी कागदावर येऊ नको देऊ. त्या गावानं आपलं नाव कदी धड घेतलं नाही.”

मी ‘नागपूर’ लिहिलं. लिहिताना अभिमानाने लिहिलं. त्याचा अर्थ मला नंतर कळला. राहतं गाव आणि मूळ गाव एकच असलं की जायचंच कुठे? ती सवलत माझ्यासाठी संपली. तसं पाहिलं तर बाबांचं गाव लिहिलं असतं तरी काही मिळालं नसतं. त्या काळी गाव जवळचं असेल तर भाडं ज्याचं त्यानेच भरायचं असे. म्हणजे प्रश्न भाड्याचा नव्हताच. दर उन्हाळ्यात कचेरीतली माणसं पेट्या बांधून ‘गावाला’ जायची, आणि तो शब्द माझ्या तोंडात कधी आला नाही.

बाबांना माझ्या कामाची गंमत वाटायची. रोज विचारायचे, “आज कोन कोठी गेलता?” मी सांगायचे. अमका साहेब अमक्या गावाहून अमक्या गावी गेला, जीपने, त्याला इतका भत्ता मिळाला. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “न माया चालन्याचं बिल कोनापाशी द्यावं, सांग.” हसून म्हणायचे. मी हसायचे नाही.

आता मालती. मालती माझ्याच वर्षी नोकरीला लागली. माझ्यासमोरच्या टेबलावर आवक-जावक पाहायची. धरमपेठेत दोन खोल्यांत नवरा आणि दोन मुलींसह राहायची. मूळची कोकणातली. तिच्या फॉर्मवर स्वग्राम म्हणून सासरचं गाव होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिचे दीर अजून तिथे आहेत. पण त्या गावाला जायचा रस्ता मला पाठ होता. नागपूरहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे, तिथून घाट उतरून तालुक्यापर्यंत एस.टी., तालुक्यापासून खाडीपर्यंत दुसरी एस.टी., आणि शेवटी होडीने खाडी पार केली की समोर गाव. होडीला तिकीट नसे. म्हणून त्या टप्प्यासाठी ‘मी होडीने खाडी पार केली’ असा स्वतःच्या सहीचा दाखला जोडायचा. महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकापर्यंतचं ते बिल दर दोन वर्षांनी माझ्या टेबलावर यायचं, आणि मी ते एखादी गोष्ट वाचावी तसं वाचायचे.

मालती परत आली की पिशवीभर वस्तू आणायची. फणसाचे पापड, सोलं, काजू. “आमच्या गावचे आहेत,” असं म्हणत टेबलाटेबलावर वाटायची. मी पापड घ्यायचे, भाजून खायचे आणि आतल्या आत कुढायचे. वर मीच तिला खोदून खोदून विचारायचे. होडीत किती माणसं बसतात? भरतीला पाणी कुठपर्यंत येतं? होडीवाला तुला ओळखतो का? ती सांगायची आणि माझं तोंड उतरायचं. ते उतरलेलं तिला दिसत असणार, हे माझ्या लक्षातच येत नसे.

मग तिचा नवरा गेला. अचानक गेला, कामावरच. आम्ही सगळ्याजणी तिच्या घरी गेलो, मीही रडले. पण खोटं कशाला बोलू, पुढच्या उन्हाळ्यात तिने रजेचा अर्ज टाकला तेव्हा माझ्या मनात आलं, हिचा नवरा गेला तरी हिला जायला गाव आहेच. इतकी मी तेव्हा कडू झाले होते. आज ते लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

त्यानंतर पाच-सहा वर्षं गेली असतील. आमच्या कचेरीत कोकणातून एक बाबू बदलून आला. तिकडची माणसं इकडे बदलून येतात तेव्हा बहुतेक कोणी तरी साहेब त्यांच्यावर रागावलेला असतो. हा बाबू तर मालतीच्याच तालुक्यातून आला होता. त्याच्या बदलीचं बिल माझ्याकडे आलं. सामानाचा ट्रक खाडीपलीकडच्या त्याच्या राहत्या गावातून निघाल्याचा मार्ग त्याने लिहिला होता, आणि त्यात खाडीवरचा पूल होता. मी त्याला विचारलं, तिथे तर होडी आहे ना?

“होती. पूल होऊन दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “होडी बंद झाली. होडीवाल्याने आता पुलाच्या तोंडाशी चहाचं दुकान टाकलंय.”

माझ्या तपासायच्या गठ्ठ्यात मालतीचं त्या उन्हाळ्याचं बिल पडलेलं होतं. मी ते काढलं. शेवटच्या टप्प्यात तिच्या वळणदार अक्षरात दाखला होता, ‘मी होडीने खाडी पार केली.’ खाली सही.

पुलावरून एस.टी. थेट गावात जात असताना हिने न चालणारी होडी लिहिली. म्हणजे ही गावाला गेलीच नव्हती. मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. इतकी वर्षं जिच्या गावाचा मी हेवा करत होते, तिच्या बिलात मला भोक सापडलं होतं.

पेन्सिल समोरच होती, दौतीशेजारी. मी दौतीकडे हात नेला. कडेला नाही, सरळ आक्षेपाच्या रकान्यात, शाईने, चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं, ‘पूल झाल्यामुळे होडी बंद असल्याचे समजते. स्वग्रामी प्रत्यक्ष प्रवास केला किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.’ आणि मालतीला न दाखवता कागद वर पाठवून दिला. पंचवीस वर्षांत पेन्सिल न उचलता लिहिलेला हा माझा एकच आक्षेप.

दोन दिवसांनी बडे बाबूंनी मालतीला बोलावून खुलाशासाठी तिच्या हातात आक्षेपाची नक्कल दिली. ती नक्कल घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. ती भांडेल, रडेल, दयामाया दाखव म्हणेल, सगळ्यासाठी काहीतरी ठरवलं होतं. तिने आक्षेपावर बोट ठेवलं आणि विचारलं, “पूल झाला?”

“हो. दोन वर्षं झाली.”

“कुठून काढला? काठावरच्या चिंचेपासून का?”

मला ते माहीत नव्हतं. त्या बाबूला विचारून सांगते म्हटलं. तिने कागदाची घडी केली आणि म्हणाली, “डबा खायला चल.”

आमच्या मागच्या व्हरांड्यात बायकांची डबा खायची जागा होती. त्या दिवशी तिथे दुसरं कोणी नव्हतं. डबा तिनेही उघडला नाही, मीही नाही.

“हे गेल्यावर पहिल्या वर्षी गेले होते मी घरापर्यंत,” ती म्हणाली. “मुली होडीतून उतरून पुढे पळाल्या होत्या. दिरांनी पडवीत सामान ठेवू दिलं नाही. म्हणाले, वहिनी, आता तुमचं इथे काय राहिलं? मग मुलींना हाका मारून परत बोलावलं. त्याच होडीने परत आलो. होडीवाल्याने पैसे घेतले नाहीत.”

“न मंग?”

“मग तालुक्याला. स्टँडसमोर एक लॉज आहे. तिथे आठ दिवस राहिलो. त्यानंतर दोनदा गेले, तेही तिथवरच. मुलींना सांगते, घर दुरुस्तीला काढलंय.”

“अन् पापड? ते सोलं?”

“स्टँडजवळ दुकान आहे. तिथे सगळं मिळतं.”

गेली पाच-सहा वर्षं ज्या पापडांवर मी जळले ते दुकानातले होते. मला राग यायला हवा होता, पण तोही धड येईना.

“जागा नाही तथी तुले, तर काहून जात होती वं तू? इतक्या दूर, पोरीइले घेऊन?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. “खरं सांगू? तुझ्यासाठी.”

“मायासाठी?”

“परत आले की तू टेबल सोडून यायचीस. होडीचं विचारायचीस, भरतीचं विचारायचीस. सांगता सांगता तुझं तोंड एवढंसं व्हायचं. ते बघितलं की मला वाटायचं, आहे माझं गाव. कोणाला त्याचा इतका हेवा वाटतो म्हणजे ते असणारच.”

मी उठले आणि तशीच बडे बाबूंच्या टेबलाशी गेले. म्हटलं, बडे बाबू, त्या होडीच्या बिलावर माझ्याकडून चूक झाली, तो कागद परत द्या. त्यांनी चष्मा काढला.

“कागद साहेबाकडे गेला. म्या सही करून धाडला. मले वाटलं, तुमी तिले दाखवलंच असन,” ते म्हणाले. “शांताबाई, पेन्सिलीनं काहून नाही लिवलं?”

उत्तर मला माहीत होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चष्मा लावला आणि दुसरा कागद ओढला. एखाद्याने चारचौघांत खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं.

मालतीने खुलाशात सगळं खरं लिहिलं. तालुक्यापर्यंत गेले, पुढे गेले नाही, होडीचा दाखला चुकीचा आहे. नियम स्पष्ट होता. स्वग्रामी न पोचलेला प्रवास स्वग्रामाचा होत नाही. बिल पूर्ण नामंजूर झालं, आगाऊ घेतलेली रक्कम पगारातून कापली गेली आणि तिच्या सेवापुस्तकात ताकीद लागली. नोकरी वाचली, ती साहेबांच्या भलेपणामुळे. ताकिदीची नोंद सेवापुस्तकात उतरवायचं काम आवक-जावकचं होतं. तिने ती स्वतःच्या अक्षरात स्वतःच उतरवली.

सहा महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मलाही बोलायला तोंड नव्हतं. मग एक दिवस तिने माझ्या टेबलावर एक फॉर्म आणून ठेवला. स्वग्राम बदलण्याचा. पूर्ण नोकरीत एकदाच मिळणारी संधी तिने वापरायला काढली होती. नवीन स्वग्राम, नागपूर. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘तेथे आमची वाट पाहणारे कोणी नाही.’

असं कारण वर गेलं की साहेब प्रश्न विचारतात. सवयीने मी पेन्सिल उचलली आणि कडेला लिहिलं, ‘कारण: वैयक्तिक, असे लिहावे.’

तिने ते वाचलं. “आता पेन्सिल काढलीस होय,” ती म्हणाली. टोमणा होता, पण कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात ओलावा होता. तिने माझ्यासमोरचं खोडरबर घेतलं, माझं अक्षर पुसलं आणि कागदावर फुंकर मारली. “राहू दे तसंच. शाईने पाठव.”

मी तसंच पाठवलं. मंजूर झालं. तिच्या सेवापुस्तकात आणि माझ्या सेवापुस्तकात आता एकच गाव होतं. माझा हेवा तिथे संपायला हवा होता. तो संपला नाही. मालतीने नागपूर स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाने लिहिलं होतं. माझं नागपूर बाबांनी सांगितलं म्हणून होतं. जे गाव मी कधी पाहिलंच नाही ते मी सोडलं तरी कसं म्हणायचं? एकदा गाव बदलायची माझी संधी मात्र तशीच पडून राहिली आणि निवृत्त होताना त्या रकान्यात ‘निरंक’, म्हणजे काही नाही, असा शेरा आला.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाल्यावर, मी नोकरी सोडायच्या थोडं आधी, मालतीने डबा खाताना विचारलं, “तुझ्या बाबांचं गाव तुझ्या अंतराच्या तक्त्यात आहे का गं?”

“हाये. ब्याण्णव किलोमीटर.”

“गेलीस कधी?”

“नाही.”

“रविवारी जाऊ,” ती म्हणाली.

आम्ही एस.टी.ने गेलो. गाव म्हणजे एक फाटा, एक पानठेला, एक शाळा आणि मागे वस्ती. फाट्यावर एक म्हातारा बसला होता. अनोळखी बायका पाहून त्याने हटकलं, “कोनाची वं तू?” मी बाबांचं नाव सांगितलं. त्या गावात ते नाव मी मोठ्याने घेतलं. म्हातारा जरा वेळ आठवत बसला.

“बिस्तरा नेये तो? पोट्टा लय जोरात चाले गा बाप्पा,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “साहेबाचा घोडा मांगं राहून जाये.”

बाबांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ओझं सांगितलं, चाल सांगितली नाही. मी आणि मालती त्या रस्त्याने पुढच्या गावापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी होती, ऊन होतं. मालतीची चप्पल चावत होती तरी ती थांबली नाही. साडेसहा किलोमीटर, तेही मला तक्त्यामुळे माहीत होतं. आठच्या आत. म्हणजे आजच्या नियमानेही बाबांच्या चालण्याचं बिल मी नामंजूरच केलं असतं. हे मी मालतीला सांगितलं आणि सांगता सांगता मला रडू आलं. तिने मला एका बाभळीखाली बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. आंब्याचं झाड नव्हतं, पण मी एकदाची बाहेरगावी झाडाखाली बसून दमले होते.

परतीच्या गाडीत कंडक्टरने तिकिटं दिली. एस.टी.च्या तिकिटावर गावाचं नाव नसतं, टप्प्यापाशी नुसतं भोक पाडतात. म्हणजे बाबांचा शब्दही मोडला नाही. मी माझं तिकीट सवयीने नीट घडी करून पाकिटात ठेवत होते. पंचवीस वर्षं लोकांना तिकीट जपा म्हणून सांगितलेलं. मालतीने ते माझ्या हातातून घेतलं, पर्समधून पेन्सिल काढली आणि गाडीच्या हिसक्यांत मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, ‘प्रत्यक्ष प्रवास केला. मार्ग जवळचा. मंजूर.’ खाली सही केली आणि तिकीट मला परत दिलं.

पेन्सिलीचं आहे, बोट लागलं तरी पुसलं जाईल. म्हणून मी ते पाकिटातून बाहेर काढत नाही.